तळघरातली पत्र्याची पेटी: जुने लूर ओळखावेत, राखावेत आणि मांडावेत कसे

आपण लिहिता त्यावरून परिस्थिती अशी दिसते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्सजवळ आपण घेतलेल्या जुन्या घराच्या तळघरात आधीच्या मालकांची मासेमारीची पत्र्याची पेटी राहून गेली होती. त्यांच्या मुलांनी ती परत नको असल्याचे कळवले. आता आपल्याकडे लाकडी व प्लॅस्टिकचे मिळून चाळीसेक लूर (माशांना भुलवणारी कृत्रिम आमिषे), दोन रिळे, एक बांबूचा रॉड, पिसे गुंडाळलेल्या फ्लायची, म्हणजे कीटकासारख्या दिसणाऱ्या गळांची, एक डबी, शिशाची वजने आणि चार-पाच कागदी खोकी एवढा ऐवज आहे. आपले प्रश्न तीन आहेत: यांची किंमत काय, गंजलेले गळ बदलून आणि उडालेला रंग पुन्हा देऊन ते नीटनेटके करावेत का, आणि बैठकीच्या खोलीत शेकोटीच्या वरच्या भिंतीवर ते कसे लावावेत. मी गेली सव्वीस वर्षे याच राज्यातल्या कॅलमझूला राहतो आणि त्यांपैकी बावीस वर्षे हाच नाद करतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सुरुवात मात्र दुसऱ्या प्रश्नापासून करावी लागेल, कारण उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

काहीही धुऊ नका, घासू नका, रंगवू नका आणि गळ बदलू नका. नॅशनल फिशिंग लूर कलेक्टर्स क्लब ही संग्राहकांची संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली; तिची दहा गुणांची पट्टी आता या क्षेत्रात सर्वत्र वापरली जाते. मूळ खोक्यातला, पाण्याला कधी न लागलेला लूर या पट्टीवर दहा गुण मिळवतो आणि वरून नवा रंग दिलेला लूर सर्वांत खालच्या पायरीवर जातो. पाइक माशाच्या दातांनी खरवडलेला, अर्धे लाकूड उघडे पडलेला लूरसुद्धा त्याच्या वरच धरतात. याचे कारण केवळ संग्राहकांचा हट्ट नव्हे. त्या रंगात तो लूर कोणत्या कारखान्यातून, कोणत्या काळात आणि कोणत्या पद्धतीने बाहेर पडला याचा पुरावा असतो, आणि एकदा त्यावर कुंचला फिरला की तो पुरावा परत मिळत नाही. मी पहिल्या वर्षी घेतलेला एक लाकडी लूर रंग उतरवण्याच्या द्रावणाच्या बोळ्याने 'फक्त थोडासा' पुसला होता. वरचे पिवळे पडलेले वॉर्निश निघाले, आणि त्याबरोबर पाठीवरची हिरवी छटाही निघाली. तो लूर मी अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे. कोणाला दाखवण्यासारखा तो राहिलेला नाही.

दुसरी सूचना याहूनही महत्त्वाची आहे आणि ती बहुतेक लोक पाळत नाहीत. पेटीतली कोणतीही वस्तू तिच्या कप्प्यातून हलवण्यापूर्वी प्रत्येक थराचे वरून स्वच्छ छायाचित्र घ्या, कप्प्यांना क्रमांक द्या, आणि मगच एकेक वस्तू बाहेर काढून तिला सुती दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधा. चिकटणारी लेबले वापरू नका. मी एकदा एका एस्टेट सेलमधून, म्हणजे घर रिकामे करताना होणाऱ्या सामानविक्रीतून, अशीच भरलेली पेटी आणली आणि त्याच संध्याकाळी मोठ्या उत्साहाने सगळे लूर कंपनीनिहाय वेगळे केले. काही महिन्यांनी लक्षात आले की त्यांतल्या काहींना पोलादी तारेचा तुकडा जोडलेला होता आणि काहींना नव्हता. तार असते ती पाइक किंवा मस्कीसारख्या दातेरी माशांसाठी, कारण साधी दोरी ते कापून टाकतात. तार नसलेले लूर बास या माशासाठी. म्हणजे त्या माणसाने पेटीचे थर माशांनुसार, कदाचित तळ्यांनुसारही लावले असावेत, आणि ती सगळी रचना मी दोन तासांत मोडून टाकली होती. सुटे लूर बाजारात हवे तेवढे मिळतात. एका माणसाने तीस-चाळीस वर्षे वापरलेली, जशीच्या तशी राहिलेली पेटी क्वचितच मिळते, आणि आपल्या हाती ती आलेली आहे.

आता हा ऐवज नेमका काय आहे ते पाहू. आमच्या दापोलीकडे खाडीवर गरी टाकून बसणारा माणूस गळाला कोळंबीचा तुकडा लावतो. लाकडाचाच मासा करून खऱ्या माशाला फसवण्याची खटपट तिकडे कोणी करत नसे. अमेरिकेत मात्र ही खटपट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून धंदा म्हणून सुरू झाली. ज्यूलिओ ब्यूएल याने १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या धातूच्या लूरचे पेटंट घेतले. ओहायोतल्या पेन्सव्हिल गावच्या रायली हॅस्केल याने १८५९ मध्ये तांब्याच्या माशाचे पेटंट घेतले. त्याच्या मोठ्या आकाराच्या एका नगाला २००३ च्या लिलावात १,०१,२०० डॉलर मिळाले. हा आकडा मी मुद्दाम लवकर सांगून टाकतो. तो वर्तमानपत्रांत छापून आल्यापासून तळघरात पेटी सापडलेल्या प्रत्येकाच्या मनात तो घोळत असतो, आणि आपल्या पेटीशी त्याचा काहीही संबंध नाही.

आपल्या पेटीशी संबंध आहे तो आपण राहता त्या परिसराचा. लाकडी लूरचा सुवर्णकाळ म्हणजे साधारण १९०० ते १९४० ही चार दशके, आणि त्या काळातल्या सहा मोठ्या उत्पादकांपैकी पाच मिशिगनच्या नैर्ऋत्य भागात व उत्तर इंडियानात होते: डोवॅजॅक गावात हेडन, कॅलमझूत शेक्सपिअर, पॉ पॉ गावात त्याच नावाची कंपनी, सीमेपलीकडे साउथ बेंड शहरात साउथ बेंड बेट कंपनी आणि गॅरेट गावात क्रीक चब. सहावी फ्ल्यूगर मात्र ओहायोतल्या ॲक्रनची. माझ्या घरापासून या पाचही ठिकाणी दोन तासांच्या आत गाडीने पोहोचता येते. तळी भरपूर, बास आणि पाइक भरपूर, आणि शिकागोची गिऱ्हाइके रेल्वेने काही तासांवर, असा तो योग होता.

हेडनची जन्मकथा आपल्या कानावर येईलच. जेम्स हेडन हा मुळात मधमाश्या पाळणारा, आणि त्या विषयात नाव कमावलेला माणूस. असे सांगतात की, १८९० च्या दशकात एकदा तो गावातल्या मिल पाँड तळ्याकाठी मित्राची वाट पाहत चाकूने लाकूड तासत बसला होता. निघताना त्याने तो तुकडा पाण्यात भिरकावला आणि एका बासने त्यावर झडप घातली. कथा सोयीची आहे, हे मान्य. त्याच्या मुलांच्या काळात या धंद्याने गावाला जगभर नाव मिळवून दिले, हे मात्र खरे. डोवॅजॅकमध्ये जुन्या कारखान्याच्या इमारतीतच हेडन संग्रहालय आहे. आपल्याला दीड-दोन तासांचा प्रवास पडेल, पण हातात लूर घेऊन पुस्तकातली चित्रे ताडून पाहण्यापेक्षा तिथल्या कपाटांसमोर एक दुपार घालवणे अधिक उपयोगी ठरेल.

लूरवर कंपनीचे नाव असेलच असे नाही. रंगावरून तर नवख्याने काही ठरवूच नये. मी नेहमी तीन ठिकाणी पाहतो: डोळे, पोट आणि तोंड. डोळे काचेचे असतील तर लूर बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा असतो. नुसते रंगाचे ठिपके असतील तर बहुधा नंतरचा. याला अपवाद आहेत, कारण स्वस्त मालाला आधीपासूनच रंगाचे डोळे असत. पोटाकडे गळ अडकवण्याची धातूची जोडणी पाहा. सर्वांत जुन्या पद्धतीत साधा आकडीचा स्क्रू लाकडात पिळलेला असतो. त्यानंतर हेडनने त्या स्क्रूभोवती धातूची छोटी वाटी बसवली, म्हणजे हेलकावणारा गळ लाकूड खरवडत नाही. पुढे इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली तार आली, आणि त्यानंतर दोन स्क्रूंनी बसवलेली पट्टी. हा क्रम पाठ झाला की हेडनचा कोणताही लाकडी लूर दहा-पंधरा वर्षांच्या टप्प्यात बसवता येतो. आपण पाठवलेल्या छायाचित्रात डावीकडून तिसरा, दोन्ही टोकांना छोटे पंखे असलेला आणि तीन तिहेरी गळांचा जो लूर दिसतो, तो हेडनच्या १०० क्रमांकाच्या मालिकेतला असावा. पाच तिहेरी गळ असते तर तो १५० झाला असता. पंख्याच्या पात्यावर भिंगातून नाव वाचता येते का ते पाहा.

तोंडाकडे क्रीक चबच्या लूरला धातूची जीभ असते, म्हणजे दोरी ओढली की लूर डुलत खोल जातो. त्या जिभेवर गॅरेट गावाचे नाव आणि ७ सप्टेंबर १९२० ही पेटंटची तारीख ठसवलेली असते. नवा माणूस इथे हमखास फसतो. ती तारीख लूर तयार झाल्याची नाही. त्याआधीचा हा नग नव्हे, इतकेच ती सांगते. तोच ठसा कंपनीने पुढे अनेक वर्षे वापरला. क्रीक चबची आणखी एक खूण म्हणजे खवल्यांची नक्षी. लूरवर बारीक जाळी ताणून वरून रंगाचा फवारा मारत आणि जाळी काढली की खवले उमटत. पोटाच्या मध्यरेषेवर जाळीची टोके जिथे मिळतात तिथे नक्षी तुटलेली दिसते. ती तूट मूळ कामाची साक्ष असते, दोष नव्हे. १९३२ च्या २ जूनला जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी याने बावीस पौंड चार औंसांचा जो बास धरला आणि जो विक्रम पुढे सत्याहत्तर वर्षे कोणालाही गाठता आला नाही, तो याच कंपनीच्या लूरवर. तो मासा त्याच्या घरच्यांनी शिजवून खाल्ला. मंदीच्या दिवसांत दुसरे काय करणार?

खोक्यांकडे वळू, कारण आपण ती 'फाटकी असल्यामुळे टाकून द्यावीत का' असे विचारले आहे. कृपया टाकू नका. कित्येकदा खोके आतल्या लूरइतकेच, क्वचित त्याहून अधिक मोलाचे असते, कारण लूर पेटीत जाई आणि खोके शेगडीत. खोक्याच्या टोकाला क्रमांक छापलेला किंवा शिक्क्याने उठवलेला असतो. क्रीक चबच्या पायकी मिनो या लूरची मालिका ७०० ची. शेवटचे आकडे रंग सांगतात, म्हणून ७०२ म्हणजे पांढरे अंग आणि लाल डोके. तेव्हा ७०२ च्या खोक्यात हिरवा लूर निघाला, तर ते जोडपे बहुधा नंतर कोणीतरी जमवलेले. विक्रेते हे मुद्दामही करतात. आपल्या बाबतीत मालकाने घाईत हाताला येईल त्या खोक्यात ठेवला असेल, इतकेच. तरीही ज्या खोक्यात जो सापडला तशी नोंद करा आणि मगच जुळवाजुळव करा.

किमतीविषयी स्पष्टच लिहितो. अशा पेटीतले बहुतेक लूर दहा-वीस डॉलरच्या घरातले असतात, कारण ते लाखोंनी निघाले आणि माशांनी ते भरपूर चावले. दोन-चार नग शंभराच्या आसपास जाऊ शकतात, तेही काचेचे डोळे, शाबूत रंग आणि जुळणारे खोके असले तर. एकाच साच्याच्या दोन लूरमध्ये दसपट फरक केवळ रंगामुळे पडतो. कारखान्याने जो रंग कमी काढला तो आज दुर्मिळ. नेमक्या याच कारणाने सामान्य लूरवर दुर्मिळ रंग चढवून विकण्याचा उद्योगही चालतो. पुढे कधी विकत घेण्याचा मोह झाला तर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरून पाहा: नंतरच्या काळातले पुष्कळ रंग आणि वॉर्निश त्या उजेडात मूळ रंगापेक्षा वेगळे उजळतात. स्क्रूच्या खाचेत किंवा काचेच्या डोळ्याच्या कडेवर रंग चढला असेल, तर तो लूर जोडल्यानंतर कोणीतरी दिलेला रंग आहे असे समजावे.

स्वच्छता करायचीच तर ती अगदी किमान असावी. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडा. चिकटलेला मळ असेल तर कापसाच्या काडीला ऊर्ध्वपातित पाण्याचा स्पर्श करून ती जवळजवळ कोरडी होईपर्यंत टिपा आणि पोटाकडच्या कोपऱ्यात आधी चाचणी घ्या. कापसावर मळाऐवजी रंग दिसला की तिथेच थांबा. जिथे रंगाला तडे गेले आहेत तिथे पाणी अजिबात नको, कारण ते तड्यातून लाकडात शिरते आणि लाकूड फुगून रंगाचे पापुद्रे उचलते. गळांचा गंज आहे तसा राहू द्या. गंज पसरतो तो दमटपणामुळे. खोली कोरडी ठेवली तर तो आहे तिथेच थांबतो.

प्लॅस्टिकच्या लूरसंबंधी मात्र तातडीने काही करायला हवे, आणि हे काम याच आठवड्यात व्हावे. पेटीत मऊ रबरासारखे किडे किंवा गांडुळे असतील तर ती आधी वेगळी काढा. ॲक्रनच्या निक क्रीम याने १९४९ मध्ये असे गांडूळ बाजारात आणले आणि त्यानंतर ती प्रत्येक पेटीत शिरली. त्यांना मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते, आणि ज्या लूरला ते गांडूळ टेकलेले असते त्याचा रंग, कधी अंगच, ते विरघळवून टाकते. पाठीवर गांडुळाच्या आकाराचा चिकट खड्डा पडलेले लूर मी इतके पाहिले आहेत की पेटी उघडताना माझा हात आधी तिकडेच जातो.

दुसरा धोका १९३० च्या दशकातल्या सुरुवातीच्या प्लॅस्टिकचा. हेडनच्या स्पूक मालिकेसारखे जे लूर त्या काळात निघाले, ते सेल्युलोजपासून केलेल्या प्लॅस्टिकचे होते, आणि ते प्लॅस्टिक कालांतराने स्वतःच कुजते: अंग आक्रसते, वाकते, त्यावर तडे जातात, गळांभोवती हिरवट चिकटा येतो आणि व्हिनेगरसारखा किंवा कापरासारखा वास सुटतो. त्यावर उपाय नाही. त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारच्या धातूला आणि रंगाला बाधते, म्हणून असा वास येणारा लूर सगळ्यांपासून दूर, हवा खेळेल अशा जागी ठेवावा. बंद काचपेटीत तर तो मुळीच नको. झिप लावलेल्या प्लॅस्टिक पिशवीत घालून 'सुरक्षित' ठेवलेले असे लूर सर्वांत लवकर गेलेले मी पाहिले आहेत.

आता मांडणीकडे येतो. शेकोटीच्या वरची जागा दिसायला सुंदर असते, पण लाकडी लूरसाठी घरात तिच्याइतकी वाईट जागा दुसरी सापडणार नाही. मिशिगनच्या हिवाळ्यात घर तापवणारी भट्टी सुरू झाली की घरातली आर्द्रता पंचवीस-तीस टक्क्यांवर उतरते आणि जुलैत तळघरात ती सत्तरीकडे जाते. लाकूड या चढउताराबरोबर फुगते आणि आकसते. वरचा कठीण रंग तसा ताणला जात नाही, म्हणून तो तडकतो. शेकोटीची धग त्यात भर घालते. सुमारे पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता राहील अशी आतली भिंत निवडावी. बाहेरच्या भिंतीवर थंडीत ओल धरते. माझा संग्रह झोपण्याच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात आहे. तिथे खिडकी नाही, आणि घरातल्या कोणाची त्यावर तक्रारही नाही.

उजेडाचे गणित सोपे आहे: रंग जो उजेड खातो तो परत देत नाही. संग्रहालयांत पिसे, कागद आणि छापील वस्तूंसाठी पन्नास लक्सपर्यंतच (लक्स हे प्रकाशाचे माप) प्रकाश ठेवतात. रंगवलेल्या लाकडाला थोडी अधिक सवलत असते, पण खोकी आणि फ्लाय एकाच चौकटीत असतील तर नियम त्यांचाच पाळावा. एलईडी दिवा चौकटीच्या बाहेर लावा, आत नको, आणि समोर अतिनील किरण अडवणारे ॲक्रिलिक बसवा. त्याहून चांगली सवय म्हणजे चाळीसचे चाळीस लूर एकदम भिंतीवर न टांगता सात-आठ लावावेत आणि तीन-चार महिन्यांनी बदलावेत. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर डबे लावावेत तसे ओळीने सगळेच लावले तर पाहणारा एकाकडेही नीट पाहत नाही, हा माझा अनुभव आहे.

चौकट दोन-अडीच इंच खोल असावी. लूर गळांवर टोचून उभा करण्याची पद्धत दुकानांत दिसते, ती टाळा, कारण सगळे वजन जुन्या स्क्रूवर येते. दोरी बांधण्याच्या कडीतून पारदर्शक नायलॉनचा दोरा ओवून लूर टांगावा आणि शेपटीकडे दुसरा आधार द्यावा. किंवा पांढऱ्या पॉलिएथिलीन फोममध्ये त्याच्या पोटाच्या आकाराची खाच कापून त्यात तो ठेवावा. गाद्यांचा पिवळा फोम काही वर्षांत भुगा होऊन चिकटतो. दुहेरी टेप, गरम गोंद आणि तारेचे वेढे यांना पूर्ण बंदी असावी. शेजारी-शेजारी असलेल्या लूरचे गळ एकमेकांच्या अंगाला टेकू नयेत. रंगावरचे अर्धवर्तुळाकार ओरखडे बहुधा माशांनी नव्हे, असे शेजाऱ्यांनीच केलेले असतात. सगळ्यांत मोलाचा भाग पोटाकडे असल्यामुळे एक-दोन लूरखाली छोटा आरसा तिरका बसवला तर जाणकार पाहुणा खूश होतो.

चौकट कोणत्या लाकडाची करावी हे कोणी विचारत नाही, आणि तिथेच चूक होते. ओक या प्रदेशात भरपूर आणि देखणे, पण त्यातून ॲसेटिक आम्लाची वाफ अनेक वर्षे निघत राहते. त्या वाफेने शिशाच्या वजनांवर पांढरी भुकटी धरते. ती विषारी असते. लहान मुले असतील तर ती वजने झाकणाच्या डब्यात कपाटात ठेवा आणि हाताळल्यावर हात धुवा. चौकटीसाठी पावडर लेप दिलेला धातू किंवा ॲक्रिलिक चांगले. ज्यांना लाकूडच हवे त्यांच्यासाठी माझी आवडती सोय म्हणजे जुन्या छापखान्यातल्या, छपाईचे शिशाचे खिळे (टाइप) ठेवण्याच्या लाकडी केसेस: उथळ, पुष्कळ कप्प्यांच्या आणि जुन्या झाल्यामुळे वाफ बरीच कमी झालेल्या. लहान लूर त्यांत बेतल्यासारखे बसतात. त्यांच्या कोपऱ्यांत शिशाची धूळ मात्र साठलेली असते, ती आधी ओल्या फडक्याने पुसून काढावी लागते.

पिसांच्या फ्लायची डबी उघडताना डांबराच्या गोळीचा वास आला तर तिची काळजी घेतली गेली आहे. पिसांची भुकटी दिसली तर कसर लागली आहे. कसर लागलेली डबी पिशवीत बंद करून शीतकपाटाच्या गोठण कप्प्यात दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. काळ्या पिसावर मेणासारखे पांढरट-पिवळे चमकते ठिपके दिसले तर ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे पीस आहे. सॅमन माशाच्या जुन्या फ्लायमध्ये त्याला मोठा मान होता आणि ते इथवर भारतातूनच येत असे. हा पक्षी भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, आणि अमेरिकेत १९१८ च्या कायद्यानुसार इथल्या स्थलांतरित पक्ष्यांची पिसे विकता येत नाहीत. म्हणून ही डबी भेट म्हणून भारतात नेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा.

बांबूच्या रॉडबद्दल फार आशा बाळगू नका. कारखान्यांत मोठ्या संख्येने निघालेले सहा पट्ट्यांचे असे रॉड मिशिगनच्या प्रत्येक माळ्यावर सापडतात. सुरुवातीचे अमेरिकी कारागीर त्यासाठी कलकत्त्याहून जहाजाने येणारा बांबू वापरत, म्हणून त्याचे नावच कलकत्ता केन पडले. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकले, आणि आपला रॉड त्यातलाच असणार. तो कोपऱ्यात टेकून ठेवला की हळूहळू बाक धरतो. कोरड्या सुती पिशवीत घालून वरच्या टोकाला उभा टांगा. जोड अडकला असेल तर पिळून काढू नका.

रिळांपैकी एकावर शेक्सपिअरचे नाव आपण वाचले आहे. या विल्यम शेक्सपिअरचा नाटकांशी संबंध नाही. त्याने १८९७ मध्ये कॅलमझूत कंपनी सुरू केली, ती दोरी रिळावर सारखी पसरवणाऱ्या यंत्रणेच्या जोरावर. जुन्या शेक्सपिअर रिळांवर मॉडेल या शब्दापुढे दोन अक्षरे असतात आणि ती वर्षाची सांकेतिक नोंद असते: जी म्हणजे ४, ई म्हणजे ६, तेव्हा जीई असेल तर ते १९४६ चे. आपण पाठवलेल्या चित्रात ती बाजू दिसत नाही. आतले वंगण घट्ट झाले असेल तर मूठ जबरदस्तीने फिरवू नका. दात तुटले तर सुटे भाग दुसरे रीळ मोडूनच मिळतात.

एक काम लांबणीवर टाकू नये. आधीच्या मालकांच्या मुलांना पेटी नको आहे, पण वडील कोणत्या तळ्यावर जात, कोणाबरोबर जात आणि कोणता लूर इतरांना हात लावू देत नसत, हे त्यांना नक्की आठवत असेल. एक फोन करा, जे सांगतील ते पेन्सिलीने, शाईने नव्हे, त्या-त्या चिठ्ठीवर लिहा, आणि वरच्या कप्प्याचे स्पष्ट छायाचित्र मला पाठवा. तिथला लाल डोक्याचा लूर कोणत्या खोक्यातला, ते मग आपण मिळून ठरवू.